दाखला आणि पडदा



'ख्रिस्ती दृष्टीने चित्रपट' हा विषय संयोजकांनी मला सुचवला, तेव्हा मला प्रथम हसू आले. कारण माझे लहानपण चित्रपट न पाहण्याच्या दृष्टीत गेले. औराद तालुक्यातले आमचे गाव. घरात मराठी, उपासना कन्नडमध्ये, बाजारात दखनी आणि रेडिओवर जे लागेल ते. पाळकसाहेबांनी ज्या गोष्टी वर्ज्य सांगितल्या होत्या त्यांत दारू, तंबाखू आणि जुगार यांच्या पाठोपाठ टॉकीज येई. का, असे आम्ही विचारले नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने दारू सोडली म्हणून घरात दोन वेळचे शिजू लागले होते. त्या यादीतला एक शब्दही खोडण्याची हिंमत कुणाला होणार?

पुढे मी स्वतः रविवारच्या शाळेत शिकवू लागलो. वय तेवीस. वर्गातला एक मुलगा घरी न सांगता उदगीरला जाऊन सिनेमा पाहून आला. मी त्याला सगळ्यांपुढे उभे केले आणि देवाची क्षमा मागायला लावली. तो रडत रडत एवढेच म्हणाला, "सर, त्यात चर्च होतं." सिनेमा होता 'अमर अकबर अँथनी'. फादरने वाढवलेला अँथनी, त्याची प्रार्थना, मेणबत्त्या, हे सगळे त्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिले होते. आपल्यातला एक जण अमिताभ बच्चन झालेला त्याला दिसला होता आणि ते सांगायला तो आनंदाने आला होता. पुढच्या रविवारी तो आला नाही. नंतरही आला नाही. आज मी जे बोलणार आहे, ते एका अर्थी त्या मुलाला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आहे.

आता एक जुनी गोष्ट, जी मराठी माणसाला अर्धीच ठाऊक असते. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत, गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. कुणी १९१० चा नाताळ म्हणतात, कुणी १९११ चा ईस्टर. १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिताना फाळक्यांनीच सांगितले आहे की, पडद्यावर ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. त्यातून पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. भारतीय सिनेमाचा जन्म म्हणून ही हकिकत सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मुळे ती नव्या पिढीलाही माहीत झाली. मला मात्र त्या अंधाऱ्या खोलीतल्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे कुतूहल वाटते. एक हिंदू माणूस ख्रिस्ताची कथा पाहतो आहे. ती त्याला भिडते आहे, तो टाळ्या वाजवतो आहे, आणि त्याच क्षणी तो तिचे स्वतःच्या भाषेत रूपांतर करतो आहे. तो ख्रिस्ती झाला नाही, पण त्याने ख्रिस्ताला नाकारलेही नाही. परक्याची कथा पाहून त्याला आपली कथा दिसली. सिनेमा पाहण्याची ही पहिली मराठी रीत. आपण ख्रिस्ती लोकांनी फाळक्यांकडून एवढे तरी शिकायला हवे होते की, दुसऱ्याच्या पडद्यासमोर बसल्याने कुणाचा धर्म बुडत नाही, उलट कधी कधी डोळे उघडतात.

फाळक्यांचा तो पौराणिक चित्रपट पुढे फिरून आमच्याकडेच आला. 'लंका दहन'मध्ये राम पडद्यावर येताच प्रेक्षक चपला काढत, नमस्कार करत, अशी आठवण सांगतात. पडद्यावरच्या देवाचे दर्शन घेण्याची ती सवय तेलुगू सिनेमाने सर्वांत चांगली जोपासली. त्याच तेलुगूत १९७८ साली 'करुणामयुडु' निघाला. दिग्दर्शक ए. भीमसिंग, ख्रिस्ताच्या भूमिकेत विजयचंदर. हिंदीत तो 'दयासागर' झाला आणि सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर खेडोपाडी गेला. आमच्या गावात तो आला तेव्हा जनरेटर बैलगाडीतून आणला होता. पडदा बांधला उपासनेच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर. हे सांगण्याचे कारण असे की, आम्ही मेथडिस्ट. आमच्या भिंती कोऱ्या. मूर्ती नाही, तसबीर नाही, फार तर एक लाकडी क्रूस. त्या कोऱ्या भिंतीवर पहिल्यांदा ख्रिस्ताचा चेहरा उमटला, आणि तो हलत होता, बोलत होता, गात होता!

निम्मे गाव ख्रिस्ती नव्हते, तरी सगळे आले. माणिकनगरला जाणारे, गाणगापूरची वारी करणारे, बंदेनवाजच्या उरुसाला जाणारे. खिळे ठोकायला लागले तेव्हा बायकांनी हंबरडा फोडला. एका म्हातारीने पडद्याजवळ नारळ ठेवला. प्रचारक अवघडले. तो उचलावा की राहू द्यावा, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी तो तिथेच राहिला आणि सकाळी मुलांनी फोडून खाल्ला.

त्या काळी मला त्या नारळाची लाज वाटली होती. ही भोळी समजूत आहे, यांना काही कळलेले नाही, असे मी म्हणालो होतो. लूकच्या शुभवर्तमानावरून केलेला १९७९ चा इंग्रजी 'जीझस' मराठी आवाजात आला, तेव्हा मला तो अधिक 'शुद्ध' वाटला. त्यात वचनाला धरून सगळे होते, नारळ ठेवावासा वाटणार नाही असे. लोक मात्र 'दयासागर'च पुन्हा मागत. आज मला म्हातारीपेक्षा स्वतःचीच अधिक लाज वाटते. तिने पडद्यावर एका निरपराध माणसाला मारताना पाहिले आणि तिच्या हातात जे होते ते तिने दिले. तिची सिनेमाची भाषा फाळक्यांच्या वळणाची होती. आणि गंमत अशी की, फाळक्यांना त्या वळणावर आणणारा पट ख्रिस्ताचाच होता.

पण दर्शनात एक उणीव राहते, हेही सांगितले पाहिजे. दर्शन घेऊन माणूस घरी जातो. ख्रिस्ताला पाहिले, रडलो, मन हलके झाले. दुसऱ्या दिवशी गावच्या विहिरीवर जे चालत होते ते तसेच चालले. मला वाटते, ख्रिस्ती दृष्टी म्हणजे ख्रिस्ताला पडद्यावर पाहणे नव्हे. इटलीच्या पासोलिनीचे उदाहरण यासाठी घेण्यासारखे आहे. तो मार्क्सवादी, धर्म न मानणारा. १९६४ साली त्याने मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला. नट न घेता साधी माणसे घेतली, त्यांचे रापलेले चेहरे घेतले, म्हाताऱ्या मरियेच्या भूमिकेत स्वतःच्या आईला उभे केले. त्यात दर्शनाची सोय फारशी नाही. पाहणाऱ्याचे लक्ष ख्रिस्ताइतकेच त्याच्या भोवतीच्या गरिबांकडे जाते.

आता या ठिकाणी मला एका शब्दाकडे वळायचे आहे. ही भाषेची सभा आहे, म्हणून थोडा जास्त वेळ घेतो.

येशू गोष्टी सांगून शिकवी. त्या गोष्टींना मराठी बायबलमध्ये 'दाखला' म्हणतात. 'दृष्टांत' हा शब्दही जवळ होता. महानुभावांचा 'दृष्टांतपाठ' तेराव्या शतकातला. तरी भाषांतरकारांनी 'दाखला' घेतला, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात दाखवणे आहे. पेरणारा, हरवलेले नाणे, द्राक्षमळ्यातले मजूर. या गोष्टींत देवाचे नाव बहुधा नसतेच. शेत, घर, मजुरी, भांडण एवढेच असते. म्हणजे येशूच्या गोष्टी 'धार्मिक' नव्हत्या. आजच्या भाषेत त्या सामाजिक चित्रपट होते! मग ख्रिस्ती माणसाने केवळ धार्मिक चित्रपट पाहावेत, हा नियम आला कुठून?

त्यांतला शोमरोन्याचा दाखला घ्या. वाटेत एक माणूस लुटलेला, अर्धमेला पडला आहे. याजक आला, त्याने पाहिले आणि बाजूने गेला. लेवी आला, त्यानेही पाहिले आणि तोही गेला. शोमरोनी आला, त्याने पाहिले आणि त्याला कळवळा आला. तिघांनी पाहिले, ही गोष्ट आम्ही उपदेशात नेहमी विसरतो. दृश्य एकच होते. कुणाला दिसले नाही अशी तक्रार नाही. हा दाखला मुळात पाहण्याविषयीच आहे. ग्रीकमधले मूळ क्रियापद आतड्यांशी जोडलेले आहे. मराठीत आपण आतडे पिळवटले म्हणतो, तसे. भाषांतरकारांनी त्यासाठी 'कळवळा' शब्द निवडला, आणि तो तुकोबांच्या अभंगांतही आहे. नारायण वामन टिळक म्हणत की, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलाच्या फळ्या अशा शब्दांच्या आहेत.

तेव्हा कुठलाही चित्रपट पाहताना मी प्रथम हे पाहतो की, कॅमेऱ्याला कळवळा आहे की नाही. तो पडलेल्या माणसाजवळ थांबतो, की बाजूने जातो? की थांबून, न्याहाळून, त्याच्या जखमेवर पैसे कमावतो? (हा चौथा प्रवासी दाखल्यात नाही, पण हल्ली फार दिसतो.) या कसोटीवर कितीतरी 'स्वच्छ' चित्रपट नापास होतात आणि शिव्यांनी भरलेले काही चित्रपट उत्तीर्ण होतात. दृश्ये मोजण्याची पद्धत मला अपुरी वाटते. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चलच्चित्रांविषयी एक परिपत्रक काढले. सिनेमा माणसाला बिघडवू शकतो ही त्यांची काळजी खोटी नव्हती. पण त्याच वर्षी पुण्यात 'प्रभात'ने 'संत तुकाराम' केला, आणि सिनेमा काय घडवू शकतो याचे उत्तर तिथे होते. त्यातली जिजाई आठवा. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि ती पायताण घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारायला देवळात जाते. स्तोत्रसंहितेतल्या कितीतरी प्रार्थना अशाच आहेत. ईयोब याहून वेगळे काय करतो? आमच्या उपासनेत मात्र देवाशी भांडायला परवानगी नाही. जिजाईकडून मी प्रार्थना शिकलो, असे मी एकदा सभेत म्हणालो तर दोघे जण उठून गेले.

बाबा पदमनजींचेही स्मरण इथे करायला हवे. ते आपल्या सीमाभागातले, बेळगावचे. १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ती शिकवतो. एक नवा ख्रिस्ती झालेला माणूस कादंबरी लिहायला बसतो आणि त्याचा विषय असतो हिंदू विधवांचे हाल. त्या पुस्तकात उपदेश आहे, कधी कधी नको इतका आहे. पण नजर रस्त्यात पडलेल्या माणसावर आहे. मराठीत ख्रिस्ती दृष्टीची सुरुवात अशी झाली, हे आमच्याच लोकांना आठवण करून द्यावे लागते.

आता 'फँड्री'. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. आम्ही तो काही महिन्यांनी उपासनेच्या खोलीतच दाखवला. प्रोजेक्टर शाळेचा, भिंत तीच. पंचवीस-तीस मुले-मुली आणि सात-आठ वडीलधारे. चित्रपट संपला आणि मी चर्चा सुरू केली. सवयीप्रमाणे मी काळ्या चिमणीपासून सुरुवात केली. जब्या जिच्या मागे रानोमाळ हिंडतो ती चिमणी. मी मत्तयाच्या दहाव्या अध्यायातल्या चिमण्यांवर गेलो. त्यांतली एकही पित्याच्या इच्छेविना भुईवर पडत नाही, वगैरे. रंगात आलो होतो. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, त्याला ती मारायचीय. जाळून राख करायचीय." सगळे हसले. माझा उपदेश तिथेच संपला.

ही खोड आमच्यात फार आहे. कुठे आडव्या-उभ्या दोन काठ्या दिसल्या की क्रूस, पाणी दिसले की बाप्तिस्मा, तिघे जेवायला बसले की प्रभुभोजन. त्यामुळे चित्रपट नुसता वचनाला टाचणी लावण्यापुरता उरतो. कीर्तनात आख्यान निरूपणाला पुष्टी देते, ते ठीक आहे. आख्यान कीर्तनकाराच्या हातातले असते. चित्रपट दुसऱ्याने सांगितलेला आहे. आधी त्याचे ऐकून घ्यावे, एवढे सौजन्य तरी हवे.

त्या संध्याकाळी खरी चर्चा डुकरावरून झाली. उधळ्या पुत्राचा दाखला आमच्याकडे पाठ असतो. बापाची संपत्ती उडवून तो डुकरे राखण्यापर्यंत घसरला. उपदेशक इथे आवाज चढवतात. डुकरे! यहुद्याला याहून खालची पायरी नाही! एक मुलगा, शिकलेला, बिदरला नोकरीला, शांतपणे म्हणाला, "सर, तो मुलगा पाप करून डुकरांकडे गेला. जब्या जन्मालाच तिथे आला. कचरूनं कुणाची संपत्ती उडवली?" खोलीत कुणी बोलेना. आमच्या भागातली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे दलित समाजांतून आलेली आहेत. तो दाखला ऐकताना आमच्यातली काही माणसे वर्षानुवर्षे खाली मान घालून का बसत, ते मला त्या दिवशी कळले. दाखल्यातला दोष नाही. तो सांगताना आम्ही किळस कुणाच्या वाट्याला घातली, तो दोष आमचा.

मग त्या मुलाने जे म्हटले ते मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "आम्हाला बायबलातले दाखले आहेत, तहसीलमधला दाखला नाही." ज्यांना संदर्भ माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर आहेत. गाव जात विसरत नाही आणि कागद ती मानत नाही. 'दाखला' हा एकच शब्द एका बाजूला येशूची गोष्ट आणि दुसऱ्या बाजूला शिक्क्याचा कागद. 'फँड्री'तल्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि डुकराच्या मागे धावणारे ते कुटुंब जागच्या जागी उभे राहते, डुक्कर निसटते, ते दृश्य त्या मुलाला आमच्या सगळ्यांपेक्षा नीट कळले होते.

शेवटचा दगड राहिला. जब्या चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावतो आणि अखेरचा दगड थेट आपल्याकडे, प्रेक्षकांकडे येतो. आमच्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले की, त्याने क्षमा करायला हवी होती. त्यांनी योहानाच्या आठव्या अध्यायाची आठवण दिली. व्यभिचारात धरलेली बाई, दगड घेतलेले लोक, आणि निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा हे येशूचे म्हणणे. मी खूप वेळ गप्प होतो, कारण त्या गृहस्थांनी आयुष्यात पुष्कळांना क्षमा केलेली मी पाहिली आहे. त्यांच्या तोंडी ते वचन पोकळ नव्हते.

तरी मला ते पटले नाही, आणि का नाही ते सांगायला हवे. त्या अध्यायात दगड बलवानांच्या हातात आहेत. येशू ते खाली ठेवायला लावतो. मध्ये उभ्या केलेल्या बाईच्या हातात दगड नाही. 'फँड्री'त मध्ये उभा केलेला जब्या आहे. शाळेच्या कुंपणापलीकडे हसणारी मुले, फोटो काढणारे, खेळ झाल्यासारखे पाहत बसलेले गाव, हे सगळे त्या अध्यायातल्या गर्दीच्या जागी आहेत. ते वचन जब्याला ऐकवणे म्हणजे ते त्या बाईलाच ऐकवण्यासारखे आहे. दगड फेकणे बरोबर, असे मी म्हणत नाही. ख्रिस्ती माणसाला ते म्हणता येत नाही. पण तो दगड ज्या बाजूला येतो त्या बाजूला मी बसलेलो आहे, हे मला आधी कबूल केले पाहिजे. डुक्कर पकडतानाच्या धांदलीला मीही दोन ठिकाणी हसलो होतो. याजक आणि लेवी यांच्यासारखा मीही पाहत होतो.

गृहस्थ म्हणाले, "मग क्षमेचं काय?" मी म्हणालो, "ती मागायची आपल्याला आहे, काका." ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. पटले असे ते म्हणाले नाहीत. पुढच्या खेपेला आले मात्र.

विद्यार्थ्यांसाठी एक छोटी सूचना. चित्रपटावर निबंध लिहिताना तुम्ही इंग्रजी समीक्षेतले शब्द उचलता. काही लागतीलच. पण सीमाभागातल्या मुलाकडे कीर्तनाचे शब्द आहेत, शरणांच्या वचनांचे आहेत, दर्ग्यातले आहेत आणि आमच्या बायबलचेही आहेत. परूशी, जकातदार, उधळ्या पुत्र, कळवळा, दाखला. हे शब्द केवळ ख्रिस्ती लोकांचे नाहीत, मराठीचे आहेत. ते वापरून पाहा. शिक्षकांनी ते चुकीचे म्हणून लाल शाईने खोडू नयेत, एवढी विनंती.

ज्या मुलाला मी सगळ्यांपुढे उभे केले होते, तो आता पुण्याकडे ट्रक चालवतो असे ऐकले आहे. त्याची बहीण आमच्याच गावात आहे. तिच्याकडे मी निरोप ठेवला आहे की, सुट्टीला आलास तर ये. पुढच्या महिन्यात आम्ही 'संत तुकाराम' दाखवणार आहोत, त्याच भिंतीवर. आपणही यावे. वीज असली तर सातला सुरू करू. नसली तर जनरेटर आहे.